सहा नंबरच्या खाटेवरचं पोट

चूक कारकुनाची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वैद्यकीय कॉलेजच्या परीक्षा विभागात तो बसतो, आणि दर वर्षी शेवटच्या परीक्षेआधी, मुलांनी तपासायच्या पेशंटांची कार्डं लिहितो. कार्डावर सात रकाने असतात. सातवा रकाना ‘नवीन तक्रार’. तो पेशंटला विचारून भरायचा असतो. त्या वर्षी कारकुनानं सहा नंबरच्या पेशंटला विचारलं नाही. त्याआधीही कधी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षीचं कार्ड समोर ठेवलं, वरची तारीख बदलली आणि सातव्या रकान्यात झोकदार अक्षरात ‘काही नाही’ असं उतरवून घेतलं. अक्षराबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. तो कारकून म्हणजे हे लिहिणाराच. पण गोष्ट त्याची नाही, म्हणून यापुढे त्याला कारकूनच म्हणू आणि वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टेबलामागे बसवून ठेवू.

गोष्ट आहे सहा नंबरच्या पोटाची, म्हणजे त्या पोटाच्या मालकांची.

मालकांचा धंदा कुलपं-किल्ल्यांचा. सगळे त्यांना किल्लीवाले काका म्हणतात. दुकान आपलं म्हणायचं म्हणून दुकान. खरं तर ती दोन इमारतींमधली फट आहे. एक लाकडी ठोकळा, तीन कानशी, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि काका. पाचवी वस्तू मावत नाही. लगतच्या फटीत काकूंची इस्त्री चालते. एखादं जुनं कुलूप हट्टाला पेटलं की काका डोळे मिटतात, वाकडी तार आत सरकवतात आणि कुठला खटका बसलाय, कुठला अडलाय, ते बोटांनी ऐकतात. ‘ऐकतात’ हा त्यांचाच शब्द. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर म्हणतात, “तुमच्या घराचं कुलूप आहे, मी फक्त त्याची समजूत काढतोय. गप्प बसा, ते काय म्हणतंय ते ऐकू द्या.”

आता पोट. आपल्या सगळ्यांच्या पोटात डावीकडे बरगड्यांखाली पानथरी असते. डॉक्टर लोक तिला स्प्लीन म्हणतात. तुमची-आमची मुठीएवढी असते आणि बरगड्यांमागे लपून असते, हाताला लागत नाही. काकांची बेंबीपर्यंत आलेली आहे. त्यांच्या रक्तातल्या पेशी जन्मापासूनच चपट्या नाहीत, चेंडूसारख्या गोल आहेत. त्या गाळता गाळता पानथरी फुगत गेली. वडिलांचीही तशीच होती. “वाटणीत भावाला घर मिळालं, मला ही,” असं काका सांगतात. “भाडं दोघांनाही येत नाही.”

तिशीच्या आत कधीतरी ताप आला म्हणून ते कॉलेजच्या दवाखान्यात गेले, एका डॉक्टरनं पोटावर हात ठेवला, आणि त्याचे डोळे सोनं सापडल्यासारखे चमकले. त्यानं आणखी चौघांना बोलावलं. त्या वर्षीपासून परीक्षेत सहा नंबरची खाट काकांची झाली. पद्धत अशी, की मुलाला पेशंटसमोर उभं करायचं, नाव-गाव-रोग काही सांगायचं नाही. त्यानं विचारावं, बघावं, चाचपावं, ठोकून आवाज ऐकावा, आणि घंटा झाली की परीक्षकांना आत काय आहे ते सांगावं. दिवसभर पडून राहण्याचं पेशंटला एक पाकीट, चहा आणि दोन बिस्किटं मिळतात. बिस्किटं नेहमी मऊ पडलेली असतात, हीही परंपराच.

पहिल्याच वर्षी एक पोरगा चाचपून चाचपून घामाघूम झाला. पानथरी एवढी मोठी, की तो हात ठेवत होता तो तिच्याच पाठीवर. समोर हत्ती आणि हा सोंड शोधतोय. काकांना दया आली. ते हळूच म्हणाले, “बाळा, खालून वर ये.” परीक्षक मागेच उभे होते.

“अहो, केसनं बोलायचं नसतं,” ते म्हणाले. आणि मग कुणाला तरी: “ह्या केसला जरा समज द्या.”

समज दिली गेली. काकांनी ती घेतलीही, पण परीक्षकांना हवी तशी नाही. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, “मी केस. बरं. आजपासून नियम. विचारलं तर खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर मेलो तरी बोलणार नाही. बघू कोण कुणाची परीक्षा घेतं ते.”

“शंभर पोरांची परीक्षा घ्या,” काकू म्हणाल्या, “पण जाताना ते दूध आणायचं विचारतेय मी, त्याचं उत्तर द्या.”

बावीस वर्षं तो नियम चालला. ‘नमस्कार काका, हात लावू का?’ असं विचारून सुरुवात करणाऱ्याला सगळी उत्तरं मिळायची. सरळ शर्ट वर करणाऱ्याला एकही नाही. तो ‘श्वास घ्या’ म्हणाला की काका श्वास घेत, म्हणाला तेवढाच, वर एक थेंब नाही. त्यांच्या पोटावरून गेलेली मुलं आज कुठकुठे मोठे डॉक्टर होऊन बसली आहेत. त्यांतली निम्मी काकांना नावानं नाही, आकारानं ओळखतात. रस्त्यात एकदा एका गाडीतून उतरून कुणी ओरडलं होतं, “अरे, ती स्प्लीन चालली बघ!” काकांनी वळून उत्तर दिलं, “आणि तो दोनदा नापास झालेला चालला बघा!” बावीस वर्षांतलं एकही तोंड ते विसरलेले नाहीत.

पडून पडून त्यांचे कान भरत गेले. आजूबाजूच्या खाटांवर कोण कसं कण्हतं, डॉक्टर काय विचारतात, कुठे दाबतात, आणि उत्तर ऐकून कुणाचा चेहरा पडतो, हे सगळं त्यांनी कुलपाच्या खटक्यांसारखं मनात लावून ठेवलं. मूतखडावाला एका जागी ठरत नाही, तळमळतो, उठतो, बसतो, खाटेचा गज धरून वाकतो. आत काही फुटून विष पसरलेला मात्र हलत नाही, श्वाससुद्धा चोरून घेतो, कुणी खाटेला धक्का दिला तर शिवी देतो. पहिल्याला बघून लोक घाबरतात, घाबरायला हवं दुसऱ्याला बघून. “ओरडणाऱ्याला वेळ असतो,” काका सांगतात, “गप्प झालेल्याला नसतो.”

पण औषध त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. ते फक्त दोनच निकाल देतात: ‘उद्या जा’ आणि ‘आत्ता जा’.

त्यांच्या समोर बसणाऱ्या चप्पल शिवणाऱ्याचं एकदा पोट दुखलं. सकाळी बेंबीभोवती, तो म्हणाला वारा धरलाय, सोडा घेतो. दुपारी दुखणं उजवीकडे खाली उतरलं, जेवण नको झालं, आणि तो चालताना उजवा पाय जपून टाकू लागला. काकांनी बोटही लावलं नाही. ते म्हणाले, “एकदा खोक.”

तो खोकला आणि खाली बसला.

“कुठे लागलं?”

त्यानं एका बोटानं जागा दाखवली.

“सकाळी सगळा तळहात फिरवून दाखवत होतास, आता एकच बोट,” काका म्हणाले. “दुखण्याला पत्ता सापडलाय. आत्ता जा.”

संध्याकाळी त्याचं अपेंडिक्स निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. तेव्हापासून काकांच्या चपला त्यांनी न सांगताच शिवल्या जातात. फाटल्या नसल्या तरी.

हे सगळं इतरांच्या पोटाचं. स्वतःच्या पोटाची गोष्ट वेगळी. दुसऱ्याचं कुलूप चुटकीत उघडणारा माणूस स्वतःच्या घराबाहेर किल्ली विसरून पायरीवर बसतो, त्यातली गत.

त्या वर्षी परीक्षेच्या तीन महिने आधी काकांच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. डावीकडे नाही, उजवीकडे. तळलेलं काही खाल्लं की तासाभरात कळ यायची, चढायची, दोन-तीन तास ठाण मांडायची आणि मग आली तशी निघून जायची. त्या वेळी पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याखाली कुणी अंगठा रोवल्यासारखं व्हायचं. डोळे त्यांचे आधीपासून थोडे पिवळट, ते जरा जास्तच पिवळे दिसू लागले. काकूंनी पहिल्या आठवड्यातच पकडलं. इस्त्री करणाऱ्या बाईच्या नजरेतून सुरकुती सुटत नाही.

“अहो, दवाखान्यात सांगून या.”

“परीक्षा आलीच आहे. आठ-दहा पोरं तपासतील, वर दोन-तीन मोठे डॉक्टर. इतक्या बोटांतून एक तरी बोट उजवीकडे जाईलच की. विचारतील कुणीतरी.”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर मग त्यांना समजू दे की बावीस वर्षं ते माणूस तपासत नव्हते, पानथरी तपासत होते.”

काकूंनी इस्त्री उभी केली. “तुम्ही त्यांची परीक्षा घेताय की माझी? हट्टाला काही सीमा? उद्या पडलात तर मी ह्या खुंटीवरच्या किल्ल्यांना काय सांगू, मालक नियम पाळत वारले म्हणून?”

“परीक्षेचा दिवस होऊ दे. नाहीच कुणी विचारलं, तर दुसऱ्या दिवशी तू म्हणशील तिथे येतो.”

“शब्द?”

“शब्द.”

काकूंनी इस्त्री पुन्हा उचलली. पण त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कॉलरला चॉकलेटी डाग पडला, आणि तीस वर्षांत तसा तो पहिलाच होता.

मध्ये एकदा कार्ड भरायचे दिवस येऊन गेले. कारकुनानं विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर काकांनी सांगितलंच असतं, नियमच होता तसा. पण कारकुनाची कीर्ती आधी गायलीच आहे.

परीक्षेच्या सकाळी काका नेहमीसारखे सहा नंबरवर जाऊन पडले. पायजम्याच्या खिशात नेहमीचं पितळी कुलूप होतं, सुपारीच्या अडकित्त्याएवढं. त्याची किल्ली गळ्यातल्या दोरीत. हे कुलूप कशालाच लावलेलं नसतं. ते मुलांसाठी असतं. भीतीनं मुलांचे हात बर्फ झालेले असतात, आणि गार हात लागला की पोट आपोआप आखडतं, मग आतलं काहीच कळत नाही. जे मूल नीट विचारून हात लावतं, त्याला काका खिशातलं कुलूप काढून देतात, त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम झालेलं. “मुठीत धर. पन्नासपर्यंत मोज. मग ये.”

पहिल्या दोघांना ते द्यावं लागलं नाही, कारण त्यांनी विचारलंच नाही. पहिल्यानं डाव्या बरगडीखाली हात खुपसला, काही तरी कठीण लागलं, खूश होऊन तो वहीत लिहू लागला. दुसरा चांगला होता, खालून वर आला, पानथरीची कड शोधली, तिच्यातली खाचही शोधली. पण कड सापडल्यावर त्याचं काम संपलं. वीस मिनिटं उरली होती, ती त्यानं घड्याळ बघण्यात घालवली. काका छताकडे बघत पडले होते. उजव्या बाजूला कुणी फिरकलं नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं आणि आपलं खरं होतंय याचा आनंदही होत होता, आणि त्या आनंदाचीच त्यांना जरा लाज वाटत होती.

तिसरी आली ती तिसऱ्या खेपेची. दोनदा नापास झालेली. या कॉलेजात चौथी संधी नसते. वॉर्डात सगळ्यांना ते माहीत होतं आणि सगळे ते माहीत नसल्यासारखं वागत होते, त्यामुळे तिला ते जास्तच कळत होतं. एप्रनची वरची गुंडी तिनं चुकीच्या काजात घातली होती.

“काका, मी तपासलं तर चालेल?”

“चालेल. हात दाखव.”

तिनं हात पुढे केला. काकांनी बोटं धरली आणि लगेच सोडली. “बाई गं. ह्यानं पोट तपासणार की मासे टिकवणार?” त्यांनी कुलूप तिच्या हातात दिलं. ती हसली, आणि हसल्यावर तिचे खांदे खाली आले.

पन्नास मोजून झाल्यावर ती खाटेशेजारी गुडघे टेकून बसली. काकांचे पाय दुमडायला सांगितले. आधी नुसतं बघितलं. श्वासाबरोबर डावी बाजू कशी उचलते ते. मग पार खाली उजव्या कोपऱ्यातून तिनं हात ठेवला आणि प्रत्येक श्वासाला बोटभर वर सरकत गेली. नजर पोटावर नव्हती, काकांच्या चेहऱ्यावर होती. बोटं ऐकत होती. धंदेवाल्याला ते कळतं. कड सापडली. खाच सापडली. बोटं बरगडी आणि पानथरी यांच्या मध्ये शिरत नाहीत, म्हणजे ही पानथरीच, हेही तिनं पाहून घेतलं. वहीत लिहिलं. बारा मिनिटं उरली.

मग तिनं वही मिटली आणि सहज, शेजारणीला विचारावं तसं विचारलं, “आणि काका, ह्याच्याशिवाय दुसरं काही होतंय?”

बावीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. काकांना वाटलं होतं, तो येईल तेव्हा आपण जिंकल्यासारखे हसू. प्रत्यक्षात ते हसायचंच विसरले.

“होतंय,” ते म्हणाले.

मग तिनं एकामागून एक विचारलं. कुठे? कधीपासून? काय खाल्ल्यावर? किती वेळ टिकतं? दुसरीकडे कुठे जातं? ताप? लघवीचा रंग? काका सांगत गेले. तिनं उजव्या बरगडीच्या कडेखाली हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला आणि म्हणाली, “आता मोठा श्वास घ्या.”

काकांनी घेतला. अर्ध्यावर तो अडला, चुकीची किल्ली अर्धी फिरून अडावी तसा. तोंडातून “आई” निघालं.

“माफ करा, काका,” ती म्हणाली. “सापडलं.”

घंटा झाली. परीक्षक दोघे आले: बाहेरच्या कॉलेजातून आलेले, चष्मा कपाळावर ठेवणारे एक सर, आणि इथले विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात. तिनं पानथरीचं सगळं व्यवस्थित सांगितलं. चष्मेवाले मान हलवत होते. मग ती म्हणाली, “आणि सर, ह्यांना पित्ताशयात खडे असावेत. रक्तपेशी लवकर फुटतात, त्यामुळे खडे होण्याची शक्यता जास्त. तिथे सूजही वाटते. उजवीकडे हात ठेवल्यावर श्वास अडतो.”

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि कार्ड पाहिलं. सुवाच्य अक्षर. “नवीन तक्रार: काही नाही,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “बाई, पुस्तकात वाचलेलं पेशंटच्या पोटात घालायचं नसतं.”

“सर, पण त्यांनी सांगितलं…”

“ह्यांना आम्ही बावीस वर्षं ओळखतो,” मोठे सर म्हणाले. “काही असतं तर आम्हाला कळलं नसतं? आहे ते न सापडणं एक वेळ चालेल. नाही ते सापडणं धोक्याचं. अशानं उद्या तुम्ही चांगली पोटं फाडाल.”

चष्मेवाल्यांचं पेन कागदाला टेकलं. मुलीचे ओठ हलले. काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती आता म्हणणार होती, ‘कदाचित माझंच चुकलं असेल, सर.’ तोंडावर आलेलं ते वाक्य त्यांना दिसत होतं. ते एकदा बोललं गेलं असतं, तर ती नापास तर झालीच असती, वर जन्मभर स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवला नसता.

काकांना कुणी काही विचारलं नव्हतं. नियम स्पष्ट होता. नियम त्यांनीच केला होता, बावीस वर्षं मिरवला होता. त्यांनी तो एका श्वासात मोडला. श्वास अर्धाच होता, तरी पुरला.

“तिचं बरोबर आहे.”

पाच नंबरचा म्हातारा कण्हायचा थांबला.

“अहो, पेशंटनं मध्ये बोलायचं…” मोठे सर सुरू झाले.

“नसतं. माहीत आहे.” काका कोपरावर टेकून उठले. “बावीस वर्षं पाळलंय. तुमच्या खुर्चीवर तेव्हा दुसरे सर होते, साहेब. तुम्ही माझ्या पोटावर शिकलात. डाव्या बरगडीखालून सुरुवात केली होतीत, आठवतंय? मी एक शब्द बोललो नाही. आज बोलतो. तीन महिने दुखतंय. कार्डावर लिहिलंय ते ज्यानं लिहिलं त्याला विचारा, मला कुणी विचारलं का ते.”

सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या. कारकुनाची पाचावर धारण बसली. त्याला एकाएकी टाचणीच्या डबीत फार महत्त्वाचं काम निघालं.

“तुम्ही विचारलं होतं?” मोठ्या सरांनी विचारलं.

“गेल्या वर्षीचंच…” कारकून म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्यानं गिळलं. ते अजून त्याच्या पोटात आहे. तपासणाऱ्याला सापडेल.

“पेशंट सहानुभूतीनं बोलतात,” चष्मेवाले म्हणाले, आवाजात मघाची धार नव्हती. “मुलं पास व्हावीत म्हणून.”

“मग माझ्या बोलण्यावर जाऊ नका,” काका पुन्हा आडवे झाले आणि त्यांनी स्वतःच शर्ट वर केला. “आता तुमची परीक्षा. या. पण हात गरम करून या.”

असं परीक्षकाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मोठ्या सरांचा चेहरा इस्त्रीखाली आलेल्या कापडासारखा झाला. चष्मेवाले क्षणभर उभे राहिले. मग, आणि हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे, त्यांनी पेन खिशात ठेवलं, तळहात एकमेकांवर घासले आणि गुडघे टेकून बसले. गुडघे कडाडले. उजव्या बरगडीखाली हात ठेवून ते म्हणाले, “घ्या श्वास.”

श्वास अडला. या वेळी काकांनी ‘आई’सुद्धा म्हटलं नाही, दात आवळून ते सरांच्या डोळ्यांत बघत राहिले. खोटं आणलेलं दुखणं आणि खरं दुखणं यांतला फरक ओळखायला चष्मा लागत नाही.

सर उठले. कार्ड त्यांनी उलटं करून ठेवलं. मुलीला म्हणाले, “खडे आहेत की नाहीत ते सोनोग्राफी सांगेल. पण तुम्ही म्हणालात ते तिथे आहे.” मग थोडं थांबून, जरा चिडूनच: “आणि एप्रनची गुंडी नीट लावा.”

काकांना म्हणाले, “तीन महिने! सांगायचं नाही का?”

“विचारायचं नाही का?” काका म्हणाले.

दुपारी सोनोग्राफीत खडे दिसले, सात-आठ. पित्ताशय सुजलेलं. घरी जायची सोय राहिली नाही. काकू आल्या त्या तशाच, हाताला स्टार्चचा वास. “कुणी विचारलं?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“एका पोरीनं.”

“आणि बाकीच्यांनी नाही?”

“नाही.”

“मग कोण जिंकलं?”

काका विचारात पडले. “ती,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी ऑपरेशन करणारे सर्जन आले. पित्ताशय काढायचं हे ठरलंच होतं. त्यांनी सुचवलं की पोट उघडतोच आहोत, तर पानथरीही काढून टाकू, पुढचे खडे-बिडे, रक्त कमी होणं, सगळंच मिटेल.

“ती राहील,” काका म्हणाले.

“अहो, तुमच्याच भल्यासाठी…”

“काढलीच पाहिजे का? हो की नाही सांगा.”

सर्जननं रक्ताचे कागद चाळले. “काढलीच पाहिजे असं नाही. रक्त तुमचं बरं आहे. पण मार लागला तर फुटू शकते, जपावं लागेल.”

“पन्नास वर्षं जपलीच आहे. भावानं त्याचं घर विकलं, मी माझं विकणार नाही. हिच्यावर अजून पोरं शिकायची आहेत.”

सर्जननं मदतीसाठी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “डॉक्टर, खडे काढा. हट्ट काढायला जाल तर आत दुसरं काही उरणार नाही, माणूस पिशवीसारखा रिकामा व्हायचा.”

खडे निघाले. काळे, मिऱ्यांएवढे. काकांनी ते बाटलीत मागून घेतले आणि दुकानात कोऱ्या किल्ल्यांशेजारी टांगले. गिऱ्हाईक विचारतं हे काय, तर म्हणतात, “बावीस वर्षांची फी.”

निकाल लागला. मुलगी पास झाली. ती सांगायला आली तेव्हा काका टाके काढायला गेले होते. काकूंनीच तिला चहा पाजला आणि एप्रनला इस्त्री करून दिली. नंतर तिची नेमणूक कुठेतरी लांब झाली, जिथे बस दिवसातून एकदाच जाते.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या दोन आठवडे आधी कारकून कोरं कार्ड घेऊन स्वतः दुकानात गेला. आता ते सक्तीचंच आहे: प्रत्येक पेशंटला भेटायचं, सातही रकाने विचारायचे, खाली पेशंटची सही घ्यायची. मोठ्या सरांनी तसं पत्रक काढलंय. पत्रकात कुणाचं नाव नाही, पण ते वाचून दाखवायचं काम त्यांनी कारकुनालाच दिलं. फटीत उभं राहायला जागा नसल्यानं कारकून रस्त्यावर उभा राहिला आणि ओरडून विचारत गेला. नाव, वय, धंदा. चप्पल शिवणारा सगळं ऐकत होता आणि मधून मधून उत्तरं दुरुस्त करत होता.

“नवीन तक्रार?” कारकुनानं शेवटी विचारलं.

“आहे,” काका म्हणाले. “लिही.”

कारकुनानं पेन सावरलं. “कुठे दुखतंय, काका?”

“माझं कुलूप. त्या पोरीनं मुठीत धरलं, मग खिशात टाकलं आणि एप्रनबरोबर घेऊन गेली. वर्ष झालं. किल्ली इथे माझ्या गळ्यात लोंबतेय. निरोप पाठवला, तर उलट निरोप आला: ‘काका, इथे थंडी फार आहे, पेशंट लांबून चालत येतात, गार हात कसा लावू? पुढच्या खेपेला नक्की आणते.’ पुढची खेप होऊन गेली. आली तीसुद्धा, खडे बघून गेली, कुलूप काही दिलं नाही.”

“काका, हा रकाना दुखण्याचा आहे.”

“तू विचारलंस ना? आता मी सांगितलं. लिही.”

काकू पलीकडच्या फटीतून म्हणाल्या, “लिही रे बाबा. गेल्या वर्षी न विचारता लिहिलंस, यंदा विचारून तरी लिही.”

कारकुनानं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. काकांनी ते लांब धरून वाचलं, खाली सही केली, आणि शर्टाच्या आत हात घालून दोरीतली किल्ली चाचपली. होती.

कुलूप अजून आलेलं नाही.